उद्याच्या पुस्तकाची वही

मायबोलीसाठी मोर्चे निघतात, ठराव होतात, दरसाल काळा दिन पाळला जातो. ते सारे आवश्यकच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचाही आम्हाला आनंद आहे. पण भाषा टिकते ती शेवटी वाचणाऱ्याच्या हातात. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत, सकाळी उठून शेताला पाणी सोडायचे आहे, आई दिवा घालव म्हणून ओरडते आहे आणि तरीही हातातले पुस्तक मिटवत नाही, असा एक वाचक गावात असला तर त्या गावातली मराठी अजून धडधाकट आहे असे समजावे.

आणि असे न मिटवणारे पुस्तक कोणते, हे आमच्या सीमाभागातल्या कोणत्याही वाचनालयाच्या ग्रंथपालाला विचारून पाहा. थोरामोठ्यांच्या चरित्रांची बांधणी वीस वर्षांनंतरही कोरी करकरीत असते. रहस्यकथेचे मुखपृष्ठ मात्र केव्हाच निखळलेले असते, पाने दोऱ्याने शिवलेली असतात आणि शेवटचे पान कुणीतरी फाडून नेलेले असते! इतके वाचूनही साहित्याच्या पंगतीत रहस्यकथाकाराचे पान आम्ही मांडतो ते ओसरीवरच. तो 'खरा' लेखक नव्हे, पोटासाठी लिहिणारा, असा शिक्का त्याच्या कपाळी मारून आम्ही मोकळे होतो.

भाषा विशेषांकाच्या निमित्ताने या 'पोटासाठी लिहिणाऱ्या' लेखकाचा दिवस कसा जातो, तो पुढच्या पुस्तकांची आखणी कशी करतो, हे आम्हाला मुद्दाम पाहावेसे वाटले. त्यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्ती यांचे. कारण साधे आहे. या बाईंच्या कामाच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांचे आत्मचरित्रही उपलब्ध आहे. त्यामुळे पुस्तक पक्के होण्याआधी कसे कच्चे असते, ते तिथे उघड पाहता येते.

औषधांच्या बाटल्यांमधून

ख्रिस्तीबाईंचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावचा. पहिल्या महायुद्धात त्या गावातल्या इस्पितळात औषधे तयार करण्याच्या खोलीत काम करीत. सभोवार विषाच्या बाटल्या, हाती मोकळा वेळ बराच आणि थोरल्या बहिणीने पूर्वी दिलेले आव्हान, की तुला काही रहस्यकथा जमायची नाही. या तीन गोष्टींतून १९१६ साली पहिली कादंबरी उभी राहिली. मधेच गाडे अडले, तेव्हा आईच्या सांगण्यावरून पंधरा दिवस डार्टमूरच्या माळावरच्या एका हॉटेलात राहून त्यांनी ती पुरी केली.

पुढची कहाणी आमच्या होतकरू लेखकांनी लक्षपूर्वक वाचावी. कादंबरी अनेक प्रकाशकांकडून परत आली. 'बॉडली हेड' या प्रकाशनसंस्थेकडे ती दीर्घकाळ पडून होती आणि अखेर बोलावणे आले, ते शेवटचे प्रकरण बदलण्याच्या अटीवर. करार असा, की पहिल्या दोन हजार प्रती खपेपर्यंत लेखिकेला मानधन नाही आणि पुढची पाच पुस्तकेही याच प्रकाशकाला द्यावयाची. आपले पुस्तक छापले जाणार या आनंदात बाईंनी सही ठोकली. या पुस्तकाचे त्यांच्या हाती आले ते पंचवीस पौंड, तेही ते क्रमशः छापले गेले त्यातल्या वाट्याचे. 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' हे ते पुस्तक, अमेरिकेत १९२० साली आणि इंग्लंडात १९२१ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकात वापरलेल्या विषाची माहिती इतकी चोख होती, की औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकाने तिची वाखाणणी केली.

ही चोखी पुढेही सुटली नाही. १९६१ च्या 'द पेल हॉर्स' या कादंबरीत थॅलियम या विषाची लक्षणे दिली आहेत. १९७७ साली कतारहून लंडनच्या इस्पितळात आणलेल्या एका लहान मुलीचा आजार डॉक्टरांना उलगडेना, तेव्हा ती कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेला लक्षणांतले साम्य जाणवले. तपासणीत थॅलियमच निघाले आणि मुलगी वाचली. हलके वाङ्मय म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कथा खोटी असली तरी तिच्यातले काम खरे असावे लागते.

हौशी ते व्यावसायिक

१९२६ हे वर्ष बाईंना फार वाईट गेले. आई वारली, पतीने घटस्फोट मागितला आणि डिसेंबरात त्या स्वतःच अकरा दिवस बेपत्ता झाल्या. साऱ्या देशाने त्यांचा शोध घेतला. अखेर त्या हॅरोगेट येथील हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहत असल्याचे आढळले. या प्रकरणावर नंतर पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला मात्र त्यापेक्षा त्यानंतरचे काही महिने महत्त्वाचे वाटतात. हाती पैसा नाही, पदरी लहान मुलगी, मनाचा थारा उडालेला आणि प्रकाशकाला पुस्तक द्यायचे आहे. अशा स्थितीत त्यांनी 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' रेटून पुरे केले. ते १९२८ साली निघाले. हे पुस्तक त्यांना स्वतःला कधीच आवडले नाही. पण आत्मचरित्रात त्या सांगतात, की याच वेळी आपण हौशी लेखिकेच्या व्यावसायिक लेखिका झालो. लिहावेसे वाटत नसताना, लिहिलेले मनासारखे उतरत नसतानाही लिहावे लागते, हे ओझे तेव्हा खांद्यावर आले.

आमच्याकडे लेखनाला प्रतिभेचा स्पर्श लागतो, असे मानतात. लागतच असेल. पण ज्या लेखकाला बैलाप्रमाणे रोज जुवाखाली मान द्यावी लागते, तो प्रतिभेची वाट पाहत उंबऱ्यावर बसून राहत नाही.

या बाईंना लिहिण्याची अशी खास खोली बराच काळ नव्हती. वार्ताहर येत आणि लेखनाच्या टेबलाशी बसलेल्या बाईंचे छायाचित्र मागत, तेव्हा त्यांची पंचाईत होई. न डगमगणारे टेबल आणि टंकलेखन यंत्र, एवढीच त्यांची गरज. शयनगृहातले तोंड धुण्याचे संगमरवरी टेबल चाले, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत जेवणाचे टेबलही चाले. १९३० साली त्यांनी पुराणवस्तुसंशोधक मॅक्स मॅलोवन यांच्याशी विवाह केला. मग इराक-सीरियातल्या उत्खननांच्या तळावर दरसाल मुक्काम पडू लागला. तिथे त्या सापडलेल्या वस्तू साफ करीत, छायाचित्रे काढीत आणि उरल्या वेळात खुनाची पुस्तके लिहीत. निमरूद येथे मात्र तळावरच्या घराला जोडून त्यांनी स्वतःच्या पैशाने मातीच्या विटांची एक लहान खोली बांधून घेतली. आत्मचरित्राचा आरंभ १९५० साली तिथेच झाला.

त्र्याहत्तर वह्या

आता वह्यांकडे वळू. बाईंच्या मागे त्र्याहत्तर वह्या राहिल्या. जॉन करन या अभ्यासकाने त्या वाचून २००९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या वह्या म्हणजे कुणी कातडी बांधणीच्या, सोनेरी काठाच्या समजेल. तसे काही नाही. शाळकरी मुलांच्या असतात तशा साध्या वह्या. त्यांत एका पानावर खुनाची युक्ती, तर पुढच्या पानावर नाताळच्या भेटवस्तूंची यादी, आगगाडीच्या वेळा आणि पत्त्यांच्या डावाचे गुण. एका कादंबरीची टिपणे चार वह्यांत विखुरलेली, तर एका वहीत पाच-सहा कादंबऱ्यांची खिचडी. हाताला येईल ती वही उघडायची आणि कोरे पान दिसेल तिथे लिहायचे, असा सारा प्रकार. तारखाही क्वचितच.

आणि तरीही या गोंधळात एक शिस्त आहे. बाई स्वतःलाच प्रश्न विचारतात. मारायचे कुणाला? मारणारा हा असू दे की ती? मुलगा खुनी ठरला तर? सून ठरली तर? प्रसंगांना त्या अ, ब, क अशी अक्षरे देतात, मग त्यांचा क्रम फिरवतात आणि ज्या क्रमाने वाचक हमखास चकेल तो ठेवतात. आज आम्हाला जे पुस्तक घट्ट विणलेले दिसते, ते वहीत चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी जाऊन पाहिलेले असते. सुचलेली युक्ती लगेच वापरलीच पाहिजे असेही नाही. एखादी कल्पना या वहीतून त्या वहीत वर्षानुवर्षे उतरत राहते आणि कधीतरी तिला जागा मिळते. लोणचे मुरावे तशी ती मुरते.

सुचण्याचे काम टेबलापाशी होत नसे. भांडी घासताना, फिरायला गेले असताना, टबात निवांत पडून सफरचंदे खाताना बाईंचे डोके चाले. पुस्तक आखून झाले, की प्रत्यक्ष लिहिण्याला साधारण तीन महिने पुरतात, असे त्यांचे मत होते. म्हणजे खरा वेळ जाई तो आखणीतच. शेतकऱ्याला हे नवे सांगायला नको. पेरणी दोन दिवसांची, मशागत वर्षाची.

वर्षाला एक, कधी दोन पुस्तके, असे हे चक्र पन्नासहून अधिक वर्षे फिरले. सहासष्ट रहस्यकादंबऱ्या, चौदा कथासंग्रह, शिवाय मेरी वेस्टमाकॉट या टोपणनावाने सहा वेगळ्या वळणाच्या कादंबऱ्या आणि नाटके. 'द माउसट्रॅप' हे त्यांचे नाटक लंडनमध्ये नोव्हेंबर १९५२ पासून चालू झाले आणि २०२० च्या मार्चमध्ये महामारीने पडदा पाडीपर्यंत अखंड चालले. मे २०२१ मध्ये त्याचे प्रयोग पुन्हा सुरू झाले. या नाटकाचे हक्क बाईंनी आपल्या लहानग्या नातवाच्या नावे करून दिले होते.

तिजोरीत ठेवलेले भविष्य

आखणीचा खरा कळस दुसऱ्या महायुद्धात दिसतो. लंडनवर बाँब पडत होते, पती परदेशी कामगिरीवर होते आणि बाई पुन्हा एका इस्पितळात औषधे देण्याचे काम करीत होत्या. या काळात त्यांनी नेहमीच्या पुस्तकांखेरीज आणखी दोन पुस्तके लिहून ठेवली. एक हर्क्युल पॉयरो या गुप्तहेराच्या अखेरच्या प्रकरणाचे आणि दुसरे मिस मार्पल या चाणाक्ष म्हातारीचे. एक मुलीच्या नावे केले, दुसरे पतीच्या, आणि दोन्ही तिजोरीत बंद केली. आपण बाँबखाली सापडलो तर मागच्यांच्या हाताशी काही असावे, हा हिशेब. तीसेक वर्षे ती हस्तलिखिते तशीच राहिली. पॉयरोचा अंत सांगणारे 'कर्टन' १९७५ साली निघाले, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर या काल्पनिक गृहस्थाची मृत्युवार्ता छापली. १२ जानेवारी १९७६ रोजी बाई वारल्या आणि त्याच वर्षी दुसरे पुस्तक 'स्लीपिंग मर्डर' वाचकांच्या हाती आले.

आखणीत सगळेच साधले असे मात्र नव्हे. पहिल्याच पुस्तकात त्यांनी पॉयरोला निवृत्त, वयस्क माणूस केले. पुढे तो पन्नास वर्षे चालला, तेव्हा हिशेबाने त्याचे वय शंभरीच्या पुढे गेले! याची चुटपुट त्यांनी बोलून दाखवली आहे. मालिका लिहू इच्छिणाऱ्यांनी नायकाचे वय आधी मोजावे.

१९७३ साली प्रसिद्ध झालेली 'पोस्टर्न ऑफ फेट' ही त्यांनी लिहिलेली अखेरची कादंबरी. तोवर शक्ती ओसरली होती. टोरांटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००९ साली त्यांच्या कादंबऱ्यांतले शब्द मोजले, तेव्हा अखेरच्या पुस्तकांत शब्दसंग्रह आटलेला आणि पुनरुक्ती वाढलेली आढळली. शब्द हे लेखकाचे इंद्रियच. ते थकले, की आधी भाषेला कळते. तरीही वहीत त्या कादंबरीनंतरच्या पुस्तकाची टिपणे आहेत. त्र्याऐंशी वर्षांची बाई पुढचा खून कुठे करावा याचा विचार करीत होती! आम्हाला या सगळ्या वह्यांत हे पान सर्वांत मोलाचे वाटते.

भाषा हाच पुरावा

भाषा विशेषांकात या बाईंना आणण्याचे आणखी एक कारण आहे. त्यांच्या पुस्तकांत पुष्कळदा भाषाच पुरावा ठरते. एका कादंबरीत एकाच शब्दाचे स्पेलिंग दोन तऱ्हांनी येते आणि तिथेच माणूस पकडला जातो. आमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घाला कोण विचारतो, म्हणून शुद्धलेखनाची थट्टा होते. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक फासापर्यंत नेऊ शकतो, असे एखाद्या मराठी रहस्यकथेने दाखवले, तर शाळेतल्या दहा तासांचे काम होईल.

पॉयरो हा बेल्जियमचा. पहिल्या महायुद्धात बेल्जियमचे निर्वासित टॉर्कीला आले होते, त्यांना पाहून बाईंनी त्याला तिकडचा केला. त्याची इंग्रजी मोडकीतोडकी. लोक हसतात, त्याला किरकोळीत काढतात आणि त्याच्यासमोर बेसावध बोलून जातात. एका पुस्तकात तो स्वतःच कबूल करतो, की मला इंग्रजी चांगले येते, मी मुद्दाम मोडके बोलतो. बोलीवरून माणसाची किंमत करणाऱ्यांचा असा डाव उलटवणे सीमाभागातल्या वाचकाला अधिक उमगेल. कन्नडमिश्रित मराठी बोलतो म्हणून पुण्यात हसलेला आणि मराठी हेल काढतो म्हणून इकडच्या कचेरीत ताटकळलेला माणूस आमच्या घरोघरी आहे.

आपले कारागीर

मराठीत अशी चिवट कामगिरी करणारे झाले नाहीत काय? पुष्कळ झाले. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे उच्चारताच आजही साठी-सत्तरीतल्या वाचकांचे डोळे लकाकतात. बाबूराव १९९६ साली गेले. गोमंतकाशी नाते असलेले पत्रकार गुरुनाथ नाईक यांनीही शेकड्यांनी रहस्यकथा लिहिल्या. ते २०२१ साली निवर्तले. सुहास शिरवळकरांनी (१९४८-२००३) महाविद्यालयीन पिढीला वाचनाची गोडी लावली. ख्रिस्तीबाईंना मराठीत आणणाऱ्यांत नटवर्य मधुकर तोरडमल यांचे नाव घ्यावेच लागेल. राजा नवाथे यांचा १९६५ चा 'गुमनाम' हा चित्रपटही बाईंच्याच एका कादंबरीच्या बीजावर उगवला.

या मंडळींनी मराठीवर केलेले उपकार पाठ्यपुस्तकांत येत नाहीत. गिरणीतला कामगार, एसटीचा वाहक, चौथीत शाळा सुटलेला पोरगा यांना त्यांनी मराठी वाचायला लावले. तिथून पुढे कुणी खांडेकरांकडे गेला, कुणी पु. लं.कडे. वाचनाच्या जिन्याची पहिली पायरी रहस्यकथेची असते आणि तीच काढून घेतली, तर माडी कितीही सुंदर असो, चढणार कोण?

सीमाभागातली वही

आज आमच्या मुलांच्या दप्तरात इंग्रजी आहे, फलकावर कन्नड आहे, घरात मराठी आहे आणि हातात मोबाइल आहे. कन्नड ही आमची शेजारीण, तिच्याशी वैर नाही. पण जी भाषा केवळ बोलायला उरते आणि वाचायला उरत नाही, ती दोन पिढ्यांत ओसरीवरून परसात आणि परसातून विस्मरणात जाते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथल्या जुन्या मराठी घरांना हे सांगावे लागत नाही. आजोबांच्या कपाटातली मराठी पुस्तके नातवाला लागत नाहीत, हे त्यांनी पाहिले आहे.

मग लिहायचे काय? विषय आमच्या दारात उभे आहेत. फिर्यादी मराठीत सांगतो, जबाब कन्नडमध्ये उतरतो आणि न वाचता येणाऱ्या कागदावर तो अंगठा उठवतो. त्या दोन भाषांच्या मधल्या फटीत एक सत्य हरवते. ही काय लहान रहस्यकथा आहे? जमिनीचा उतारा एका भाषेतला, जुने खरेदीखत मोडीतले आणि ते वाचू शकणारा गावात उरलेला एकच म्हातारा. तो एका सकाळी मृत सापडतो. पुढचे कोणी लिहील काय? चोर्ला घाटातली रात्रीची वाहतूक, साखर कारखान्याचा हंगाम, यात्रेची गर्दी, वाटणीवरून फुटलेले भाऊ, हे सारे इथलेच. ख्रिस्तीबाईंनी मिस मार्पलला एका खेड्यात बसवून साऱ्या जगाचा स्वभाव सांगितला. त्यांची पुस्तके शंभराहून अधिक भाषांत गेली. आमचे खेडे त्या खेड्याहून रहस्यात काही कमी नाही.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी अशा गावांतून ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. हे सीमाभागाचे वैभव आहे. त्या मंडपात एक सत्र रहस्यकथेला द्यावे, अशी आमची आयोजकांना विनंती आहे. वाचनालयांनी फाटलेल्या रहस्यकथा रद्दीत न घालता पुन्हा बांधून घ्याव्यात आणि हरवलेली शेवटची पाने दुसऱ्या प्रतीवरून उतरवून चिकटवावीत. शाळांनी मुलांना गोष्ट अर्धी वाचून दाखवावी आणि उरलेली त्यांना मराठीत लिहायला सांगावी.

आणि ज्या तरुण-तरुणींना लिहायचे आहे, त्यांना आमचे सांगणे एवढेच. मोठ्या टेबलाची, स्वतंत्र खोलीची, पुण्या-मुंबईच्या बोलावण्याची वाट पाहू नये. दहा रुपयांची वही घ्यावी. तीत बाजाराची यादी असली तरी चालेल, दुधाचा हिशेब असला तरी चालेल. त्याच्याच पुढच्या पानावर मराठीत पहिला प्रश्न लिहावा: कुणी मारले, आणि का? एक पुस्तक लिहून होताच दुसऱ्याचे टिपण तयार असावे. ज्या भाषेच्या लेखकांकडे पुढच्या पुस्तकाची वही तयार आहे, त्या भाषेच्या मरणाची बातमी छापण्याची वेळ कुठल्याही वृत्तपत्रावर येत नाही.